निश्चिंदिपूरला कुठल्या स्टेशनवर उतरायचं?

निश्चिंदिपूर, म्हणजे अपू आणि त्याची थोरली बहीण दुर्गा यांचं गाव, नकाशात सापडत नाही. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांनी ते 'पथेर पांचाली' या कादंबरीत वसवलं (पुस्तक १९२९चं), आणि सत्यजित राय यांनी १९५५च्या चित्रपटासाठी ते तुकड्यातुकड्यांनी उभं केलं. घर आणि तळं कोलकात्याच्या दक्षिणेला, काशाचं, म्हणजे पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवताचं, रान आणि आगगाडी बर्धमान जिल्ह्यात, घरातले रात्रीचे प्रसंग स्टुडिओत. कादंबरीतली खरी नदी मात्र या सगळ्यापासून दूर, बांगलादेशच्या सीमेलगत वाहते, आणि लेखकाने जिथे डोळे मिटले ते घर आज झारखंडात आहे. म्हणजे एका गावासाठी चार-पाच स्टेशनं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला. काश तेव्हा फुललेला असतो आणि दुर्गापूजेची गर्दी बहुतेक वर्षी अजून सुरू व्हायची असते. पूजेच्या दिवसांत कोलकात्यात संध्याकाळनंतर टॅक्सी मिळणं विसरा. निघण्यापूर्वी चित्रपटाची २०१५ साली 4K मध्ये पुनरुज्जीवित केलेली प्रत बघून घ्या. मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली होती. ती दुरुस्त करून ही प्रत झाली, आणि जुन्या प्रतींमध्ये धुरकट दिसणारी पानं, पाण्यावरचे किडे, भिंतीची ओल हिच्यात स्पष्ट दिसते.

पहिला दिवस : घाटशिला

महाराष्ट्रातून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्या आधी टाटानगरला थांबतात. थेट हावड्याचं तिकीट काढलं तर घाटशिलेसाठी तीनेक तास उलटं यावं लागतं. त्यापेक्षा टाटानगरला उतरा. तिथून लोकल किंवा बस धरली की तासाभरात घाटशिला. गाडीचा उशीर इथे नेहमीचाच, त्यामुळे पुढचं आरक्षण त्याच दिवसाचं ठेवू नका.

बिभूतिभूषणांचं घर दहीगोडा भागात आहे. नाव 'गौरीकुंज'. गौरी ही त्यांची पहिली पत्नी. लग्नानंतर वर्षभरातच ती गेली. घरापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचं नाव 'अपुर पथ', अपूचा रस्ता. घर बेताचं, दुरुस्त केलेलं. आत त्यांच्या वस्तू आणि फोटो. दाराला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, शेजारी विचारा. किल्ली घेऊन आलेल्या गृहस्थांनी पाहुणे कुठले हे आधी विचारलं, आणि महाराष्ट्र म्हटल्यावर पहिला प्रश्न केला तो 'पुस्तक वाचलंय की नुसता सिनेमा बघितलाय?' घाटशिलेत हा फरक अजून केला जातो. रविवारी याच आवारात स्थानिक मुलांना बंगाली शिकवलं जातं, तेव्हा जमलं तर रविवार साधा.

१ नोव्हेंबर १९५० रोजी बिभूतिभूषण इथेच वारले. चित्रपट त्यांनी पाहिला नाही. हक्क राय यांना दिले ते त्यांच्या पत्नी रमादेवींनी. फुलडुंगरी नावाची टेकडी गावाबाहेर हायवेजवळ आहे, तिथे ते फिरायला जात. मरणाआधी त्यांना रानात स्वतःचंच प्रेत दिसलं होतं, अशी एक गोष्ट इथले रिक्षावालेसुद्धा रंगवून सांगतात. ऐकायला मजा येते, पण टेकडी तिच्याशिवायही बघण्यासारखी आहे. सालाची झाडं, लाल माती, चढ दहा मिनिटांचा.

दुपार बुरुडी तलावासाठी ठेवावी. तिथल्या झोपडीवजा खानावळीत गावठी कोंबडीचा रस्सा आणि भात सांगितल्यावरच शिजवायला घेतात, तास-दीड तास लागतो. म्हणून आधी जेवण सांगायचं, मग धारागिरी धबधब्याकडे जाऊन यायचं. पावसाळ्याच्या शेवटी धबधब्याला पाणी चांगलं असतं. मात्र शेवटची पायवाट दगडांवरून जाते आणि शेवाळलेली असते. चपला नकोत.

दुसरा दिवस : घाटशिला ते कोलकाता

सकाळच्या गाडीने दुपारच्या आत हावडा. हावडा स्टेशनवरून आता मेट्रो हुगळीच्या खालून एस्प्लनेडला जाते. सामान घेऊन पुलावरच्या कोंडीत बसण्याचे दिवस संपले. एस्प्लनेडला गाडी बदलून दक्षिणेकडची ब्लू लाइन धरायची.

जतीन दास पार्कला उतरलं की हाजरा चौकाजवळ बसुश्री चित्रपटगृह. 'पथेर पांचाली' कोलकात्यात २६ ऑगस्ट १९५५ रोजी इथे लागला. (त्याचा पहिला खेळ त्याआधीच, मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झाला होता.) सुरुवातीला खुर्च्या रिकाम्या, मग तोंडोतोंडी बातमी पसरत हाऊसफुल्ल, आणि पुढचा मोठा हिंदी चित्रपट आधीच ठरलेला असल्यामुळे भर गर्दीत तो उतरवावा लागला. पैशांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: राय यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, रेकॉर्ड विकल्या, पत्नीचे दागिने गेले, चित्रीकरण महिनोन्महिने बंद पडलं. शेवटी मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्या सरकारने पैसा दिला. नावात 'पथ' असल्याने रस्तेसुधारणेच्या खात्यातून. त्याच सरकारी पैशातल्या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि १९५६मध्ये कान महोत्सवात 'बेस्ट ह्यूमन डॉक्युमेंट' हा पुरस्कार. या सुवर्णपदकाचा पहिला मान मराठीकडे आहे, 'श्यामची आई'कडे. तोही पुस्तकावरूनच केलेला. दोन्हींत आई, दारिद्र्य आणि गाव. लागोपाठ बघायला हरकत नाही.

राय शेवटपर्यंत राहिले ते बिशप लेफ्रॉय रोडवरचं घर रवींद्र सदन स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. कुटुंबाचं राहतं घर आहे, संग्रहालय नव्हे. रस्त्यावरून बघा, बेल वाजवू नका. संध्याकाळी नंदन हे सरकारी चित्रपट-केंद्र गाठा. १९८५मध्ये या संकुलाचं उद्घाटन राय यांनी केलं आणि बोधचिन्हही त्यांचंच. फिश फ्राय घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसलं की शेजारच्या टोळक्यात चित्रपटावरून वाद चालू असतोच. त्यात परक्याने तोंड घातलं तरी कुणी हरकत घेत नाही.

तिसरा दिवस : बोडाल

ब्लू लाइनने दक्षिणेला कवी नजरुल स्टेशन. हे गडियाचं स्टेशन. बाहेरून बोडालची, म्हणजे घर आणि तळं जिथे चित्रित झालं त्या गावाची, शेअर ऑटो मिळते. कोलकात्यात शेअर ऑटो ठरलेल्या मार्गावरच चालते, मध्येच 'आत सोडा' म्हटलेलं चालत नाही, आणि सुट्टे पैसे हातात नसतील तर चालक आधी तेच विचारतो. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा.

खरं सांगायचं तर बोडाल आता कोलकात्याचं उपनगर आहे. फ्लॅट, मोबाइलची दुकानं, केबलच्या तारा. घराच्या पडक्या भिंती, सुटलेलं कवाड, मोडकं अंगण या रूपात अपूच्या वडिलांचं, हरिहरचं घर इथे शोधू नका. ते रूप मुळात कला-दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी एका ओसाड वाड्याला दिलं होतं. रायांचा अर्धपुतळा मात्र गावात आहे, त्याच्या आधाराने जागा लागते. गाव स्वतःही जुनं: त्रिपुरसुंदरीचं देऊळ, आणि श्रीअरविंदांचे आजोबा राजनारायण बसू यांचा जन्म इथला.

बघायचं काय मग? तळी. ती अजून आहेत, काही बुजत चाललेली, काही हिरव्या थराने झाकलेली. चित्रपटाच्या शेवटाकडे अपूला दुर्गेने चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात भिरकावतो. माळ बुडते, हिरवा थर क्षणभर फाटतो आणि हळूहळू मिटतो. एखाद्या तळ्यापाशी थांबून खडा टाकून बघा. हिरवा थर लगेच मिटत नाही. आधी वर्तुळ काळं राहतं, मग कडेच्या पानांची झालर आत सरकते, वाऱ्याच्या दिशेकडून आधी. राय यांनी कॅमेरा हलवला नाही, कट केला नाही, तो थर मिटेपर्यंत थांबले. ती गोष्ट कुणापुढे कधी बोलली जाणार नाही हे सांगायला एकही वाक्य लागलं नाही.

देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजोबांनी शूटिंगची आठवण सांगितली, स्वतःची नव्हे, वडिलांकडून ऐकलेली. गावातला एक विक्षिप्त माणूस चित्रपटवाले आले की 'भाले काढा रे!' म्हणून ओरडायचा. राय यांनीही हे लिहून ठेवलं आहे. पुढे तोच माणूस त्यांना फिडल वाजवून दाखवायचा. तेव्हा युनिट यायचं ते रविवारी आणि सुटीच्या दिवशी, कारण राय जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. कॅमेरामन सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे, त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा न हाताळलेले. चुनीबाला देवी, म्हणजे चित्रपटातली म्हातारी आत्या इंदिर ठाकरुण, ऐंशीच्या घरात. काम अडीच-तीन वर्षं लांबलं तरी अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि चुनीबाला जगल्या, हे तीन चमत्कार असं राय म्हणत. चित्रपट लागायच्या आधी त्या गेल्या.

पावसात भिजणाऱ्या दुर्गेचा प्रसंग ऑक्टोबरच्या गारठ्यात घेतला होता. मुलं इतकी कुडकुडली की दुधातून थोडी ब्रँडी द्यावी लागली. आम्ही गेलो त्या दिवशीही पाऊस आला, पण कोलकात्याचा सप्टेंबरचा पाऊस गारठा आणत नाही, उलट उकाडा वाढवतो. छत्रीपेक्षा पंचा उपयोगी.

चौथा दिवस : पालसिट, शक्तिगड

या दिवसासाठी पहाटे उठा. हावड्याहून बर्धमानला दोन मार्ग जातात, मेन आणि कॉर्ड. काश आणि आगगाडी जिथे चित्रित झाली ते पालसिट मेन मार्गावर आहे. कॉर्ड लोकल अंतराने जवळची आणि लवकर पोचणारी म्हणून लोक तीच धरतात आणि पालसिट चुकतं, कारण दोन्ही मार्ग शक्तिगडला, म्हणजे पालसिटच्या पुढे, एकत्र येतात. फलकावर 'मेन' वाचूनच चढा. दोन-सव्वादोन तास धरा. डब्यात झालमुडीवाला येईल: मोहरीचं कच्चं तेल, ओल्या खोबऱ्याच्या चकत्या, मिरची, भिजवलेले हरभरे. मोहरीचं तेल नाकात जातं, तरी कमी घालायला सांगू नका.

२७ ऑक्टोबर १९५२ रोजी चित्रीकरण सुरू झालं ते याच परिसरात, काशाच्या प्रसंगापासून. एका दिवसात थोडा भाग झाला. पुढच्या रविवारी युनिट परत आलं तर रान सपाट. गुरांनी काश खाऊन टाकला होता. उरलेला भाग पुढचा मोसम येईपर्यंत राहिला. आगगाडीसाठी दिवसभरातल्या वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जोडले. इंजिनात युनिटचा माणूस आधीच चढवलेला असायचा. कॅमेऱ्याजवळ येताना भट्टीत कोळसा ओतला जावा आणि काळा धूर दाट निघावा म्हणून. पांढऱ्या तुऱ्यांवरून सरकणारा काळा धूर नशिबाने मिळालेला नाही, तो ठरवून ओढलेला आहे.

आता वाफेचं इंजिन नाही, वरती विजेच्या तारा आहेत. तरी प्रकाश तोच आहे आणि पालसिटला यायचं ते त्यासाठी. सप्टेंबरअखेर इथे सूर्य सव्वापाच-साडेपाचला मावळतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. त्यामुळे आपल्याकडच्या सवयीने साडेपाचला कॅमेरा काढला तर अंधारच हाती लागेल. उत्तम वेळ सकाळी सहा ते साडेसात किंवा दुपारी साडेतीन ते पाच. दुपारच्या उन्हात आकाशही पांढरं, तुरेही पांढरे, फोटोत काहीच उरत नाही. सूर्य काशाच्या मागे राहील असं उभं राहायचं, म्हणजे प्रत्येक तुऱ्याची कड पेटते. आणि बसून, खालून बघायचं. अपूच्या उंचीवरून ते रान खरोखर डोक्यावरून जातं.

सलग रान मात्र कुठे मिळणार नाही. बर्धमान म्हणजे भाताचं कोठार, सप्टेंबरात खाचरात आमन भात उभा असतो आणि त्यात पाणी. काश उरला आहे तो कालव्याच्या काठाने, भरावावर, पडीक पट्ट्यांत. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर तुरे चिकटून तपकिरी दिसतात. मग एक दिवस ऊन पडू द्यावं. रुळांवर अजिबात चढू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय इथून एक्सप्रेस वेगात जातात. बांधावरूनही गाडी छान दिसते. एक शेतकरी बांधावरची गुरं हाकत आला, फोटोची खटपट बघून हसला आणि म्हणाला, कोवळा असतानाच गुरं खातात, तुरा आल्यावर तोंड लावत नाहीत. मग १९५२ची गुरं फारच भुकेली असणार!

दुर्गा आणि अपू इथे गाडी बघायला धावतात. कादंबरीत दुर्गेला आगगाडी बघायला मिळतच नाही. ते तिचं अपुरं राहिलेलं मागणं आहे. राय यांनी प्रसंग आणला, पण पूर्ण तोही तिला दिला नाही: ती धडपडते, रुळांपर्यंत अपू पोचतो. प्रसंग दहादा बघूनही हे सुटतं. जागेवर उभं राहून अंतर मोजलं की लक्षात येतं.

पालसिटनंतरचं स्टेशन शक्तिगड. तिथून टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, हायवेवर गेलं की लांगचाच्या दुकानांची रांगच. लांगचा म्हणजे छेना आणि खव्याचा लांबट गोळा, गडद तपकिरी होईस्तोवर तळून पाकात सोडलेला. गुलाबजामचा भाऊ, पण जास्त चिवट. गरम असेल तरच घ्या. काचेच्या कपाटातला नको. सगळ्या दुकानांची नावं एकसारखी, तेव्हा पाटी बघू नका, कढई कुठे चालू आहे ते बघा. पुढे बर्धमानला गेलात तर सीताभोग आणि मिहीदाना. सीताभोग त्याच दिवशी संपवायचा, मिहीदाना दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे घरी न्यायचा तो मिहीदाना. परतताना कॉर्ड लोकल धरायला हरकत नाही.

पाचवा दिवस : गोपालनगर, बाराकपूर

सियालदहहून बनगाव लोकल, दोन तास. सकाळी उलट्या दिशेची गर्दी असते, जागा मिळते. बनगावहून राणाघाटच्या गाडीने गोपालनगर, आणि तिथून टोटोने श्रीपल्ली-बाराकपूर. बिभूतिभूषणांचं वडिलोपार्जित गाव हे. (जन्म आजोळी, १८९४मध्ये, कल्याणीजवळच्या मुरातिपूरला.)

इथे घोळ नावाचा होतो. हुगळीकाठी बराकपूर नावाचं छावणीचं मोठं शहर आहे, मंगल पांडेंचं. सियालदहला नुसतं 'बाराकपूर' म्हटलं की तिकीट त्याचंच मिळतं, आणि फोनचा नकाशाही आधी तिकडेच नेतो. तिकीट गोपालनगरचं काढा. टोटोवाल्यालाही 'बिभूतिभूषणेर बाडी' म्हणायचं, गावाचं नाव नंतर.

घर आहे, पण ओढ लावते ती इछामती. कादंबरीतली नदी हीच; अपू वडिलांबरोबर नीळकंठ पक्षी बघायला जातो ते निळीच्या कोठीचं माळरान याच काठचं. जलपर्णीने पात्र ठिकठिकाणी भरलेलं आहे, प्रवाह कुठे आहे ते होडी हलली तरच कळतं. काठाला बांबूची बेटं, केळी, सुपारी, ताग भिजत घातलेला. त्या कुजणाऱ्या तागाचा वास पहिली दहा मिनिटं असह्य होतो. ताग सोलणाऱ्या बायकांपैकी एकीने हात न थांबवता विचारलं, 'अपूचं गाव बघायला आलात?' आणि उत्तराची वाट न बघता वाट दाखवली. बोडालमध्ये जे मिळत नाही ते इथे आहे: बेटातून जाणारी अरुंद पायवाट, खाली सुकलेल्या पानांचा गालिचा, दोन पावलांवर ऊन आणि दोन पावलांवर अंधार. इंदिर ठाकरुण बसल्या बसल्या जाते तो प्रसंग बोडालचा आहे, पण पुस्तकातलं बेट असंच असणार.

'आम आँटिर भेंपू' हे कादंबरीच्या मधल्या भागाचं नाव, आंब्याच्या कोयीची पिपाणी. याच नावाच्या मुलांच्या आवृत्तीसाठी राय यांनी चित्रं काढली आणि तिथूनच चित्रपट डोक्यात शिरला. कोकणातली पोरंही कोय दगडावर घासून अशी पिपाणी करतात. पण त्यासाठी जूनमध्ये यावं लागेल, तेव्हा काश नसतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सीमा जवळ आहे, पेट्रापोलची चौकी बनगावपासून थोड्याच अंतरावर. ओळखपत्र खिशात असू द्या, आणि सीमेच्या बाजूला फोटो काढू नका. गोपालनगरच्या गाड्या कमी आहेत, म्हणून उतरल्याउतरल्या परतीची वेळ बघून ठेवायची. चुकली तर शेअर गाडीने बनगाव गाठता येतं. जेवण बनगाव स्टेशनबाहेर: भात, डाळ, तळलेला मासा, शेवटी टोमॅटोची गोड चटणी आणि पापड. शाकाहारींना आलूपोस्तो मागता येतो, पण खसखस महाग असल्यामुळे सगळीकडे नसतो. हातात आणखी एक दिवस असेल तर इछामतीच्याच काठचं पारमादनचं अभयारण्य बघून घ्या. आता त्याला बिभूतिभूषणांचं नाव आहे आणि हरणं भरपूर.

विमानाने कोलकात्याला येणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा. विमानतळ उत्तरेला, बनगाव लोकलच्या वाटेजवळ; त्यामुळे पहिल्या दिवशी इछामती, मग पालसिट, बोडाल, आणि शेवटी घाटशिला. परतीची गाडी टाटानगरहून धरली तर हावड्याला पुन्हा यायलाच नको.